विश्लेषण : बटाट्याच्या श्वासातले रसायन उलगडणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या? ऑक्सिडीकरण, आम्ल आणि आम्लारी यांच्याशी त्यांच्या कामाचा संबंध काय?

चिरलेला बटाटा थोडा वेळ ताटात राहिला की तांबूस पडतो. ओली राहिलेली लोखंडी कढई गंजते. दुधाला रात्री विरजण लावले की सकाळी दही होते. पहिल्या दोन घटना ऑक्सिडीकरणाच्या, तिसरी आम्लाची. शाळेत या अभिक्रिया समीकरणे म्हणून पाठ केल्या जातात आणि परीक्षा संपली की विसरल्या जातात. मात्र याच अभिक्रियांचा माग सजीवांच्या पेशीत घेत एका मराठी मुलीने १९३९ मध्ये केम्ब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे तेच ज्ञान डाळ, दूध, नीरा आणि भेसळीच्या तपासणीपर्यंत आणले. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी. त्यांनी नेमके काय शोधले, त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले आणि एरंडोलसारख्या गावाच्या जुन्या धंद्यांतही हेच रसायन कसे होते, याचा हा आढावा.

कमला भागवत ते कमला सोहोनी…

कमलाबाईंचा जन्म १९११ मध्ये इंदूरचा. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरुच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) सुरुवातीच्या काळात शिकलेल्यांपैकी हे दोघे होते. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एकीने लोकसाहित्य आणि ललित लेखनात नाव मिळवले, दुसरीने प्रयोगशाळेत. घरात रसायनशास्त्र हा रोजच्या बोलण्यातला विषय असल्याने कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन बी.एस्सी. केले. त्यात त्या गुणवत्ता यादीत वर होत्या. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच संशोधन करायचे, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

प्रवेश का नाकारला गेला?

१९३३ मध्ये त्यांनी बंगळूरुच्या संस्थेकडे अर्ज केला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांना १९३० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले होते आणि देशात त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. अर्ज फेटाळला गेला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून. कमलाबाई वडील आणि काकांसह बंगळूरुला गेल्या. मोठ्यांनी रदबदली करूनही रामन बधले नाहीत. तेव्हा गांधीजींचे संस्कार असलेल्या या तरुणीने रामन यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि नकाराचे कारण मागितले.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या वातावरणाला बाधा येता कामा नये, अशीही अट होती. पुरुष विद्यार्थ्यांना यातली एकही अट नव्हती. कमलाबाईंनी हा अपमान गिळला, पण तो त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या याविषयी स्पष्टपणे बोलत.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामन यांना त्यांच्या कामाबद्दल शंका उरली नाही. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही खुले झाले. ज्या अभ्यासासाठी त्यांना आत घेणेही अवघड वाटत होते, तो विषय पुढे त्यांचा आयुष्यभराचा झाला. गरिबाच्या ताटातले प्रथिन म्हणजे डाळ, ही जाण त्यामागे होती.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण म्हणजे नेमके काय?

केम्ब्रिजमधले त्यांचे काम समजून घ्यायचे तर आधी ही जोडी समजून घ्यावी लागते. एखाद्या पदार्थाला ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण आणि त्याच्याकडून ऑक्सिजन गेला की क्षपण, ही शाळेतली पहिली व्याख्या. पण सगळ्या अभिक्रियांत ऑक्सिजन नसतो. म्हणून व्यापक व्याख्या इलेक्ट्रॉनची आहे. जो इलेक्ट्रॉन गमावतो त्याचे ऑक्सिडीकरण होते, जो स्वीकारतो त्याचे क्षपण. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. त्यामुळे या दोन्ही अभिक्रिया नेहमी एकत्रच घडतात आणि त्यांना मिळून रेडॉक्स अभिक्रिया म्हणतात.

याचे एक जुने उदाहरण खानदेशातच आहे. अंजनी नदीकाठच्या एरंडोलची ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमधली नोंद जाड देशी कागदाचे गाव अशी आहे आणि तिथे कापूस, धान्याबरोबर निळीचा व्यापार चाले, असेही त्यात म्हटले आहे. ही नीळ म्हणजे कपड्यांना घालायची आजची नीळ नव्हे, तर निळीच्या झुडपापासून मिळणारा रंग. झुडूप कापून पाण्याच्या हौदात कुजत घालत. पाणी पिवळसर हिरवे होई, पण निळे होत नसे. मग ते पाणी जोरजोराने घुसळत. घुसळताना हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळे, विरघळलेल्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होई आणि निळा गाळ तळाशी बसे.

गंमत पुढे आहे. हा निळा रंग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे थेट कापडात उतरत नाही. रंगारी पिंपात चुना आणि आंबणारे पदार्थ घालून त्याचे क्षपण करत. रंग पिवळसर, विरघळणाऱ्या रूपात जाई आणि धाग्यात शिरे. कापड बाहेर काढले की हवा लागताच ते हिरवट होऊन डोळ्यांदेखत निळे होई. म्हणजे आधी ऑक्सिडीकरण, मग क्षपण, पुन्हा ऑक्सिडीकरण. हौदावर राबणाऱ्याला समीकरण ठाऊक नव्हते, पण घुसळायचे कधी आणि हवेपासून जपायचे कधी, हे पक्के ठाऊक होते.

केम्ब्रिजमध्ये त्यांनी काय शोधले?

शिष्यवृत्तीवर कमलाबाई १९३७ मध्ये केम्ब्रिजला पोहोचल्या. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल मिळाले होते. कमलाबाईंनी आधी डेरेक रिख्टर यांच्याकडे आणि नंतर वनस्पतींच्या जीवरसायनाचे अभ्यासक रॉबिन हिल यांच्याकडे काम केले.

त्या वेळचा मोठा प्रश्न असा होता. लाकूड जळते तेव्हा त्याचे ऑक्सिडीकरण एकदम होते, ज्वाळा उठतात. सजीवाच्या पेशीतही साखरेचे ऑक्सिडीकरण होऊन शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. मग पेशी जळत कशी नाही? उत्तर असे की साखरेतले इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनकडे जात नाहीत. ते एका हातातून दुसऱ्या हातात, पायरीपायरीने उतरत जातात आणि प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा मोकळी होते. आगीच्या बादल्या हातोहात पुढे देणाऱ्या रांगेसारखी ही साखळी असते.

या साखळीतल्या सायटोक्रोम नावाच्या रंगीत प्रथिनांचे महत्त्व केम्ब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले होते. त्यातल्या सायटोक्रोम सी या प्रथिनाच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच, पण काम वेगळे. हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, सायटोक्रोम सी इलेक्ट्रॉन. त्यातले लोह +३ स्थितीत असताना एक इलेक्ट्रॉन घेते आणि +२ होते. तो पुढे दिला की पुन्हा +३. कढई गंजताना लोह इलेक्ट्रॉन गमावून बसते आणि परत फिरत नाही. पेशीत मात्र तेच लोह सेकंदाला अनेकदा देते आणि घेते. साखळीच्या शेवटी ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळतात आणि पाणी तयार होते.

प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये हे प्रथिन ठाऊक होते. वनस्पतींचे काय, हे स्पष्ट नव्हते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे आणि श्वसनाच्या ऑक्सिडीकरणात त्याचा सहभाग असल्याचे दाखवले. या प्रथिनाची ओळख त्याच्या रंगावरून पटते. इलेक्ट्रॉन घेतलेल्या रूपातून प्रकाश सोडला की वर्णपटाच्या हिरव्या भागात, सुमारे ५५० नॅनोमीटरवर, एक ठळक काळी पट्टी दिसते. इलेक्ट्रॉन गेला की ती पुसट होते. अनेकदा कमलाबाईंनी सायटोक्रोम सी शोधले असे ढोबळपणे लिहिले जाते. प्रथिन आधीच माहीत होते. ते वनस्पतींतही आहे, म्हणजे झाड, जनावर आणि माणूस यांच्या श्वसनाचे मूळ रसायन एकच आहे, हे दाखवण्यातला त्यांचा वाटा मोलाचा आहे.

या विषयावरचा त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. केम्ब्रिजला पोहोचल्यावर दीड वर्षाच्या आतच त्यांनी तो सादर केला आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना त्याआधी, १९३१ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली होती. पदव्यांची नावे वेगळी असल्याने दोघींचे मान आपापल्या जागी आहेत.

आम्ल आणि आम्लारी यात कुठे येतात?

पाण्यात हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देणारी ती आम्लारी, ही सोपी व्याख्या. लिंबू, चिंच, दही आम्लधर्मी. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा आम्लारीधर्मी. सामू ७ पेक्षा कमी असेल तर आम्ल, जास्त असेल तर आम्लारी. दोघांची गाठ पडली की उदासिनीकरण होऊन क्षार आणि पाणी तयार होते.

एरंडोलच्या कागदाच्या धंद्यामागेही हेच रसायन होते. हातकागद करताना चिंध्या किंवा तागाचा लगदा चुन्याच्या पाण्यात मुरवत. चुना ही आम्लारी धाग्यांना चिकटलेला मेणचट, डिंकासारखा भाग सैल करते. मग लगदा नदीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा, कुटायचा आणि साच्यावर उचलायचा. अशा कागदात चुन्याचा अंश राहिला तर तो हवेतून येणारे आम्ल शोषून घेतो आणि कागद टिकतो. पुढे गिरणीत तुरटी वापरून केलेला आम्लधर्मी कागद मात्र काही दशकांत पिवळा पडून तुटू लागतो, कारण आम्ल त्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडते.

सजीवांच्या पेशीतही रेडॉक्स आणि आम्लता एकमेकांना बांधलेल्या आहेत. इलेक्ट्रॉन साखळीतून उतरताना जी ऊर्जा सुटते, ती हायड्रोजन आयन पडद्याच्या एका बाजूला ढकलण्यासाठी वापरली जाते. धरणात पाणी साठावे तसे ते साठतात आणि परत येताना पेशीचे ऊर्जाचलन, म्हणजे एटीपी, तयार करतात. ही कल्पना मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कमलाबाईंच्या प्रबंधानंतर चार दशकांनी त्या साखळीचे पूर्ण चित्र असे स्पष्ट झाले.

परत येऊन त्यांनी काय केले?

परदेशात संशोधनाची संधी होती, पण १९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाची जबाबदारी त्यांनी घेतली. तिथून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ मध्ये विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेच्या (तेव्हाची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) जीवरसायन विभागात शिकवू लागल्या. पुढे त्या या संस्थेच्या संचालकही झाल्या, पण तो मान मिळायला त्यांना विलंब सोसावा लागला.

मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय माणूस रोज खातो त्या गोष्टी तपासायला घेतल्या. वाल, डबल बी यांसारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला अडवणारे घटक असतात, यावर त्यांच्या गटाने १९५० च्या दशकात महत्त्वाचे काम केले. जठरात पाचन आम्लात होते, तर ट्रिप्सिन लहान आतड्यात, किंचित आम्लारीधर्मी रसात काम करते. कडधान्य कच्चे राहिले तर ट्रिप्सिन अडते आणि खाल्लेले प्रथिन पूर्ण अंगी लागत नाही. नीट शिजवल्यावर हे अडवणारे घटक बव्हंशी निकामी होतात. डाळ मिलसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यात ही गोष्ट घरोघरी अनुभवाने माहीत असते. त्यामागचे कारण या प्रयोगशाळेने समोर आणले.

दुसरा विषय नीरेचा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला. ताडाचा ताजा रस गोड असतो, पण उन्हे वर आली की यीस्ट त्यातल्या साखरेचे अल्कोहोल करतात. आणखी वेळ गेला की जिवाणू त्या अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण करून ॲसेटिक आम्ल बनवतात आणि रस आंबट होतो. मडक्याला आतून चुना लावतात तो यासाठीच. आम्लारीधर्मी रसात या जीवांची वाढ मंदावते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे आणि कुपोषित आदिवासी मुले व गर्भवतींना ती दिल्यास फायदा होत असल्याचे कमलाबाईंच्या अभ्यासातून पुढे आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सातपुड्याच्या पट्ट्यात कुपोषण आजही सुटलेले नाही, हे पाहिले की त्यांनी निवडलेला प्रश्न किती खोलवरचा होता ते कळते.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. दुधात लॅक्टिक आम्ल वाढून सामू ४.६ च्या आसपास आला की केसिन हे प्रथिन साकळते. विरजण लावल्यावर हे हवे असते, टँकरमधल्या दुधात नको असते. दोन्हीकडे अभिक्रिया एकच.

भेसळीविरुद्धच्या लढ्यात त्या कशा आल्या?

१९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना सुरू केली. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या. संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत.

भेसळ ओळखण्याच्या बहुतेक प्राथमिक चाचण्या म्हणजे शाळेतल्याच अभिक्रिया असतात. डाळ किंवा हळद उजळ पिवळी दिसावी म्हणून मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग वापरला जातो. हा रंग स्वतःच आम्लाचा दर्शक आहे. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडले की तो किरमिजी होतो. दुधात पिष्टमय पदार्थ मिसळले असतील तर आयोडीनने ते निळे पडते. गुळात धुण्याचा सोडा असेल तर आम्ल टाकताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फसफसतात. आम्ल हाताळायचे असल्याने या चाचण्या घरात न करता शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली कराव्यात. संशय आला तर नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे देता येतो.

आज त्यांची आठवण का?

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने डूडल केले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

विज्ञान शाखा निवडणाऱ्या मुलींची संख्या आता मोठी आहे. एरंडोल, पारोळा, धरणगावच्या महाविद्यालयांत रसायनाच्या प्रयोगशाळेत मुली उभ्या असतात, हे कोणाला विशेषही वाटत नाही. पण दहावीनंतर लग्न की पुढचे शिक्षण हा प्रश्न अजूनही अनेक घरांत निघतो आणि त्याचे उत्तर मुलीच्या गुणांवर ठरत नाही. १९३३ मध्ये कमला भागवत यांच्या बाबतीतही ते गुणांवर ठरले नव्हते. एक वर्ष अटींवर काम करू दिल्यावर मात्र त्यांनी सहा वर्षांत केम्ब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढची तीसहून अधिक वर्षे ती विद्या देशाच्या स्वयंपाकघरासाठी वापरली.